आंबवणाचा भरवसा



कामगार-संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनसवर बोलणार, महागाईभत्त्यावर बोलणार, नाहीतर संपावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. गेली तीस वर्षे आम्ही त्याच विषयांवर बोलत आलो. पण आज चालकांची परवानगी घेऊन आम्ही एका निराळ्याच कामकऱ्याबद्दल बोलणार आहोत. हा कामकरी एका मिलिमीटरच्या रेघेवर शंभर-दोनशेंच्या संख्येने दाटीवाटीने बसू शकेल एवढा लहान आहे. त्याचे नाव किण्व. इंग्रजी बोलण्यात ज्याला यीस्ट म्हणतात तो.

हा विषय आपला कसा, असे कोणी विचारील. आपण इथे येताना कोणी स्कूटरवरून आला असाल, कोणी मोटारीतून. आपल्या टाकीतले पेट्रोल आता निव्वळ पेट्रोल नाही. २००३ साली काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल, म्हणजे साधा मद्यार्क, पेट्रोलमध्ये मिसळण्यास सुरुवात झाली. २०२२ साली देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा. मूळ मुदत २०३० ची होती. ती आधी ओढून घेतली. म्हणजे आपल्या गाडीत जे पाच लिटर पडते त्यातले एक लिटर कुठल्या तरी टाकीत ह्या किण्वाने तयार केलेले असते. ते वेळेवर, सारख्या प्रमाणात, हमखास तयार झाले तर पंपावरचा माणूस निश्चिंत, कारखाना निश्चिंत आणि ऊसवालाही निश्चिंत. ते बिघडले तर काय होते आणि बिघाडाचा दोष कोणाच्या माथी बसतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून हा विषय आम्हांला घ्यावासा वाटला.

प्रथम ही क्रिया काय आहे ते पाहू. आपल्या घरातील माताभगिनींना ती नवी नाही. आंबोळीचे पीठ रात्री भिजवून ठेवतात. उन्हाळ्यात ते पहाटेलाच वर येते. पौषातल्या थंडीत सकाळ उजाडली तरी बसलेलेच असते. पहाटे उतरवलेली नीरा थंड ठेवली नाही तर ऊन चढता चढता तिची ताडी होऊ लागते. ह्या दोन गोष्टींत आमच्या आजच्या व्याख्यानाचे निम्मे सार आले. आंबवणारा जीव सजीव आहे, त्याला उबेची गरज आहे, आणि आपण लक्ष दिले नाही तर तो आपल्या मनासारखे न करता स्वतःच्या मनासारखे करतो.

तो सजीव आहे हे आज आपण सहज म्हणतो. पण हे शास्त्रज्ञांना पटायला बराच काळ जावा लागला. फ्रान्समधील लील शहरी १८५६ साली बीटाच्या रसापासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार अडचणीत आला. त्याची काही पिंपे चांगली उतरत, काही आंबट होऊन वाया जात. कारण कळेना. त्याचा मुलगा तेथील विज्ञानशाळेत शिकत होता आणि त्या शाळेचे प्रमुख होते लुई पाश्चर. पाश्चर कारखान्यात गेले, पिंपांतले थेंब आणले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात गोल गोल कण दिसले. बिघडत चाललेल्या पिंपात लांबट. पुढे १८५७ पासून त्यांनी जे निबंध प्रसिद्ध केले त्यांनी हे दाखवून दिले की साखरेचे मद्य होणे हे जिवंत किण्वाचे काम आहे, आणि ती आंबट होणे हे दुसऱ्याच एका जंतूचे काम आहे. म्हणजे पिंप ‘बिघडते’ असे काही नसते. तिथे भलताच कामकरी कामाला लागलेला असतो.

एका कारखानदाराच्या तक्रारीतून जंतुशास्त्राची पहाट झाली, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. ज्ञान नेहमी ग्रंथालयातूनच कारखान्यात जाते असे नाही. कधी ते कारखान्यातून ग्रंथालयात जाते.

ह्या कामाचा हिशेबही आधीच मांडला गेला होता. गे-ल्युसॅक ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१५ साली दाखवलेल्या हिशेबाप्रमाणे १०० किलो द्राक्षशर्करेपासून सुमारे ५१ किलो मद्यार्क आणि सुमारे ४९ किलो कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निघतो. साखरेची जवळजवळ निम्मी वाटणी हवेत जाते. हा वायू आपण लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे पुन्हा येणार आहोत. प्रत्यक्षात पुरे ५१ किलो कधीच मिळत नाहीत. किण्वाला स्वतःचे पोट असते, त्याला वाढायचे असते, थोडे ग्लिसरीनही ते करते. शेकडा नव्वदपर्यंत उतारा आला तर डिस्टिलरीवाले समाधानी असतात.

आता आपल्याकडच्या टाकीपाशी येऊ. उसाचा रस आटवून साखरेचे खडे काढून घेतल्यावर जो काळा दाट पाक उरतो ती मळी. आमच्या भागातले शेतकरी खताच्या प्रेसमडलाही मळीच म्हणतात. आम्ही म्हणतो ती काकवीसारखी वाहणारी. तिच्यात शेकडा चाळीस-पंचेचाळीस अशी साखर अजून असते, जी खड्याच्या रूपाने निघत नाही. अशा एका टनापासून सुमारे अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. साखर थोडी आधीच थांबवून ‘बी’ प्रतीची मळी घेतली तर उतारा वाढतो, आणि थेट रसही आंबवता येतो.

मळीत पाणी घालून ती पातळ करतात. लहान भांड्यात वाढवलेले किण्व तिच्यात सोडतात आणि मग ते लाखो लिटरच्या टाकीत जाते. ह्या आंबत्या द्रवाला आमचे लोक ‘वॉश’ म्हणतात. जोर धरल्यावर वॉशच्या एका घनसेंटिमीटरात दहा कोटींहून अधिक किण्वपेशी असतात. साधारण दीड दिवसात काम संपते, मद्यार्काचे प्रमाण शेकडा आठ-नऊवर जाते आणि वॉश उकळण्यासाठी मनोऱ्याकडे रवाना होतो. उकळण्याने मद्यार्क शेकडा पंचाण्णवच्या आसपास पोचतो. तिथून पुढचे पाणी साध्या उकळण्याने निघत नाही; ते शोषून घेणाऱ्या खड्यांच्या थरातून त्याची वाफ नेतात, आणि मग तो पेट्रोलात मिसळण्याजोगा होतो.

मनोरा हे यंत्र आहे. त्याच्यात बिघाड झाला तर नळी दाखवता येते, झडप दाखवता येते. टाकीचे तसे नाही. टाकीत जीव आहे, आणि त्या जिवाला तीन शत्रू आहेत.

पहिला शत्रू उष्णता. साखर फोडताना किण्व स्वतःच उष्णता सोडते. टाकी जितकी मोठी तितकी ती उष्णता आत कोंडते. किण्वाला तीस ते तेहतीस अंश मानवतात. पस्तीस-छत्तीसच्या पुढे ते थकू लागते. म्हणून वॉश सारखा थंडावणीच्या पट्ट्यांतून, म्हणजे प्लेट-कूलरमधून, फिरवावा लागतो.

दुसरा शत्रू परके जंतू. पाश्चरच्या बिघडत्या पिंपात होते त्यांचेच भाऊबंद. दह्याताकात आपले मित्र असणारे हे दुग्धाम्लाचे जंतू टाकीत मात्र घरफोडे ठरतात. जी साखर मद्यार्क व्हायची तिचे ते आम्ल करतात. शिवाय ते आम्ल किण्वाला त्रास देते. आणि टाकी सदतीस-अडतीसवर गेली की किण्व थकते नेमके तेव्हा ह्यांना उत्साह येतो.

तिसरा शत्रू आहे किण्वाने स्वतः केलेले मद्य. आपल्याच हाताने केलेल्या मालाने ते विषारी होत जाणाऱ्या हवेत काम करते. मद्यार्क पेशीच्या आवरणाला सैल करतो, आतले क्षार बाहेर गळू लागतात. आणि उष्णता व मद्यार्क एकत्र आले की एकाचा मार दुसऱ्यामुळे दुप्पट होतो. बत्तीस अंशांवर जी पेशी नऊ टक्के मद्यार्क सोसते तीच सदतीसवर सात टक्क्यांनाच मान टाकते, असे अनुभवी माणूस सांगतो. तो शास्त्र शिकलेला नसेल. पण त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

आता एक हकीगत सांगतो. २००९ सालचा उन्हाळा. एका कारखान्याच्या डिस्टिलरीत आमची संघटना होती. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तसे प्रसंग अनेक ठिकाणी घडले आहेत. गाळप संपले होते आणि साठवलेल्या मळीवर टाक्या चालू होत्या. एप्रिलच्या मध्याला ओळीने सात टाक्या बसल्या. आठ-नऊ टक्के यायचे तिथे सहा, साडेसहा. साखर शिल्लक आणि वॉश आंबट. व्यवस्थापनाने रात्रपाळीच्या तिघांना निलंबित केले. आरोप असा की ते पाळीवर झोपतात आणि टाकीकडे पाहत नाहीत. तिघांच्या घरी निम्म्या पगाराचा निर्वाहभत्ता जाऊ लागला. एकाच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते.

चौकशीत कामगारांच्या वतीने आम्ही उभे राहणार होतो. पण उभे राहून बोलणार काय? ‘आमचा माणूस प्रामाणिक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. सातवीनंतर शाळा सुटलेल्या आम्हांला किण्व म्हणजे काय हेही धड माहीत नव्हते. त्या तिघांतला वडीलधारा ऑपरेटर एवढेच म्हणाला, “दादा, टाकी आजारी पडली की वासावरून कळतं. ताकासारखा वास येत होता. मी साहेबांना सांगितलं होतं.” आम्ही म्हणालो, “अण्णा, वास चौकशीच्या कागदावर चढत नाही.” ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “पण आकडे चढतात की. आकडे मी लिहिलेत.”

आम्ही लॉगबुक मागितले. अण्णांनी दर तासाला टाकीचे तापमान लिहिले होते. पहिल्या टाकीला पस्तीस, दुसरीला छत्तीस, पुढे सदतीस, एका रात्री अडतीस. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या मोठ्या अक्षरांत तीन वेळा एकच वाक्य होते, ‘कूलर चोंदला आहे, साफ करावा.’ खाली कोणाची सही नव्हती.

मग आम्ही गावच्या महाविद्यालयातील शास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी चालू टाकीतला वॉश एका बाटलीतून मागवला आणि आम्हांला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. गोल किण्वपेशी दिसल्या; त्यांच्यामध्ये बारीक काड्यांसारखे जंतू वळवळत होते. प्राध्यापकांनी निळ्या रंगाचा एक थेंब सोडला. जिवंत पेशी पांढऱ्याच राहिल्या, मेलेल्या निळ्या झाल्या. आम्ही मोजू लागलो. दहांत चार निळ्या. प्राध्यापक म्हणाले, “हे झोपेमुळे होत नाही. हे तापामुळे होते.” ती दोन महिन्यांची चौकशी म्हणजे आमची शाळा झाली. रात्री पुस्तक, दिवसा डिस्टिलरी. उन्हाळ्यात मळीची साठवणही तापते, तिच्यातही आम्ले वाढतात, कूलिंग टॉवरचे पाणी कढत होते, आणि वर चोंदलेला कूलर. एवढी साखळी जुळली.

बंधुभगिनींनो, इथवर ही गोष्ट आमच्या बाजूची आहे. पण पुरी सांगितली नाही तर ती खोटी होईल. सात टाक्यांपैकी सहाव्या टाकीला हे कारण लागू पडत नव्हते. त्या रात्री तापमान बरे होते आणि तरीही वॉश आंबट झाला. प्राध्यापकांनी विचारले, “किण्व वाढवायचे भांडे वाफेने धुतले होते का?” तिघांतला तरुण मुलगा आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला की त्या दिवशी वाफ कमी होती, म्हणून नुसते पाण्याने धुतले आणि वहीत ‘वाफ दिली’ असे लिहिले. आमच्या समितीत वाद झाला. काही म्हणाले, हे बोलायचे नाही. आम्ही म्हणालो, अण्णांच्या वहीचा प्रत्येक आकडा खरा आहे म्हणून आपण लढतो आहोत. त्याच वहीतली एक नोंद खोटी आहे हे लपवले तर बाकीच्या आकड्यांची किंमत काय राहिली? आम्ही चौकशीत ते सांगितले. अण्णा आणि तिसरा गडी निर्दोष सुटले. त्या मुलाला ताकीद मिळाली आणि त्याचा कापलेला पगार परत आला नाही. आमच्या माणसाला शिक्षा आमच्याच तोंडाने झाली, ह्याचे दुःख आम्हांला अजून आहे. पण कूलर साफ झाला, टाक्या पुन्हा आठवर आल्या, आणि पुढे तो मुलगा त्या डिस्टिलरीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणारा पहिला कामगार झाला.

ह्या हकीगतीतून आम्ही एक गोष्ट शिकलो. आंबवणाचा भरवसा हा एखाद्या जादूच्या किण्वात नसतो. तो किण्वाभोवतीच्या परिस्थितीत असतो, आणि ती परिस्थिती खरी खरी लिहून ठेवणाऱ्या माणसांत असतो.

आपण म्हणाल, हा संघटनेचा पक्षपाती निष्कर्ष झाला. म्हणून दूरदेशीच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली ब्राझीलची. तो देशही उसाचा. १९७५ साली तेथील सरकारने उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवण्याची मोठी योजना हाती घेतली. तिथे बहुतेक ठिकाणी किण्व दरवेळी नवे घालत नाहीत. काम संपल्यावर फिरत्या यंत्राने ते वॉशमधून वेगळे काढतात, गंधकाम्ल घातलेल्या पाण्यात तास-दोन तास ठेवून जंतूंपासून धुतात आणि पुन्हा कामाला लावतात. किण्व इतके भरपूर असते की एक फेरी सहा ते बारा तासांत उरकते. अशा फेऱ्या हंगामभर, दोनशेहून अधिक दिवस चालतात.

आता गंमत पाहा. हंगामाच्या आरंभी तिथे पाव करण्याचे किण्व किंवा प्रयोगशाळेतून आणलेले निवडक किण्व घालीत. तेथील संशोधकांनी पेशींची गुणसूत्रे तपासली तेव्हा आढळले की थोड्याच आठवड्यांत ते बाहेरचे किण्व टाकीतून नाहीसे होते आणि उसाबरोबर आलेले रानटी किण्व त्याची जागा घेते. आम्ल, उष्णता, मद्यार्क ह्यांचा मारा त्या पाहुण्याला सोसत नाही. मग संशोधकांनी उलटा विचार केला. जे रानटी किण्व टाकीत टिकून राहते आणि मद्यार्कही चांगला देते, तेच निवडून का वाढवू नये? १९९०च्या दशकात अशी निवडलेली ‘पीई-२’ आणि ‘कॅट-१’ ही किण्वे आज तिथे मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. ती कोणी नवी घडवलेली नाहीत. डिस्टिलरीच्या टाकीतच ती तावून सुलाखून निघालेली होती. कोणीतरी हंगामभर नमुने घेतले, नोंदी ठेवल्या, म्हणून ती सापडली.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि व्हाइटहेड इन्स्टिट्यूट येथील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. किण्व मद्यार्काने का मरते, ह्याचा शोध ते घेत होते. त्यांना आढळले की आजूबाजूच्या द्रवात पोटॅशियमचा क्षार वाढवला आणि आम्लता थोडी कमी केली की पेशीच्या आवरणाचा आतबाहेरचा तोल टिकतो आणि तेच साधे किण्व पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मद्यार्क सोसते. किण्वाचे बीज बदलले नाही. भोवतालचे पाणी बदलले.

हे ऐकून उद्या कोणी आपल्या टाकीत पोटॅशचे पोते रिकामे करील, म्हणून सांगून ठेवतो. उसाच्या मळीत पोटॅशियम मुळातच भरपूर असते आणि आपल्या टाकीत क्षारांची कमी नसून अनेकदा गर्दीच असते. आम्लता कमी केली तर दुग्धाम्लाच्या जंतूंना मोकळे रान मिळते. प्रयोगशाळेतला काचेचा चंबू निर्जंतुक असतो, आपली टाकी नसते. तेव्हा ह्या प्रयोगातून नुसखा उचलायचा नाही; तत्त्व उचलायचे. ते तत्त्व असे की कामकरी कमी काम देतो तेव्हा त्याला बदलण्याआधी तो कशात उभा आहे ते पाहावे. आम्ही आयुष्यभर हेच सांगत आलो. किण्वाच्या बाबतीत तरी ते शास्त्रज्ञांना पटलेले पाहून बरे वाटले.

बीज बदलण्याचे शास्त्र मात्र आम्ही कमी लेखत नाही. भाताच्या पेंढ्यापासून मद्यार्क काढायचा तर पेंढा फोडताना किण्वाला मारक अशी द्रव्ये निर्माण होतात. त्याच अमेरिकन संशोधकांनी २०२१ साली किण्वाच्या एका गुणबीजात फेरफार करून ती द्रव्ये त्याला पचवता येतील अशी वाट काढली. आपल्याकडेही २०२२ साली पानिपत येथे पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. पेंढा जाळून दिल्लीची हवा काळी करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे मद्यार्काच्या तंत्राचा अभ्यास आणि शिक्षण चालते. अशा ठिकाणी आमच्या ऑपरेटरांना महिना-पंधरा दिवस तरी पाठवावे, अशी आमची मागणी आहे. सुधारलेले किण्व आले तरी त्याला सदतीस अंशांत ठेवले आणि न धुतलेल्या भांड्यात वाढवले तर ते काय करणार?

भरवशाची किंमत किती, तेही सांगतो. तीन लाख लिटर वॉशची एक टाकी धरा. नऊ टक्के उतरली तर २७,००० लिटर मद्यार्क. सात टक्के उतरली तर २१,०००. फरक सहा हजार लिटरांचा. वीस टक्के मिश्रणाच्या हिशेबाने तीस हजार लिटर पेट्रोलात पुरला असता एवढा मद्यार्क एका टाकीत, एका चोंदलेल्या कूलरपायी गेला. तो नुसता जात नाही. न आंबलेली साखर आणि आम्ल उकळून उरलेल्या काळ्या सांडपाण्यात जातात. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर असे पाणी निघते. उतारा घटला की प्रत्येक लिटरमागे हे पाणी वाढते, आणि ते नीट जिरवले नाही तर ओढ्याकाठच्या विहिरींना त्याची झळ बसते. तेव्हा टाकी बसणे हा कारखान्याच्या चार भिंतींतला प्रश्न नाही. तो गावाचा प्रश्न आहे.

भरवसा केवळ टाकीतच हवा असेही नाही. २०२३ सालच्या डिसेंबरात साखर कमी पडेल ह्या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले. आठवडाभरात ते काही अंशी सैल केले आणि पुढच्या हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवले. साखर आधी की इंधन आधी, आणि इतके पाणी पिणारे पीक किती लावायचे, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर मतभेद राहतील. आमचे म्हणणे एवढेच की ऊस लावलाच असेल, पाणी दिलेच असेल, तर त्यातली साखर निष्काळजीपणाने ताकासारखी आंबट करून ओढ्यात सोडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता त्या वायूकडे येतो. आम्ही म्हटले होते की साखरेची निम्मी वाटणी हवेत जाते. त्या २७,००० लिटरच्या टाकीतून सुमारे वीस टन कर्बवायू निघतो. एका लिटर मद्यार्कामागे चारशे लिटरांवर वायू. त्याला रंग नाही आणि धोक्याची सूचना द्यावी असा वास नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने रिकाम्या टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. टाकी रिकामी दिसते. ती रिकामी नसते. हवेत शेकडा दहा एवढा तो असला की माणूस मिनिटा-दोन मिनिटांत बेशुद्ध पडतो. एक गडी गाळ काढायला उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाक्यांतून जे मृत्यू होतात त्यांत वाचवायला गेलेल्यांची संख्या फार असते. बंधुप्रेमाने माणसे मरतात, आणि ते टाळायला वायुमापक, पंखा, कमरेचा दोर आणि बाहेर उभा राहणारा एक जागता माणूस एवढेच पुरते.

ज्या टाकीतल्या पेशींच्या तब्येतीची आपण इतकी चर्चा केली, त्या टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या श्वासाची चर्चा कोणी करायची? बहुधा तो कंत्राटी असतो; त्याचे नाव लॉगबुकात नसते. किण्वाची गणना रोज होते आणि माणसाची होत नाही, असा कारखाना भरवशाचा आहे असे आम्ही कसे म्हणावे?

म्हणून शेवटी तीन साध्या गोष्टी मागून आम्ही खाली बसतो. पहिली, टाकीच्या तापमानाची वही कामगाराच्या हाती असावी आणि त्याच्या प्रत्येक शेऱ्याखाली चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्याची सही पडावी. दुसरी, प्रत्येक पाळीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजता येणारा एक कामगार तयार करावा. हे काम पदवीचे नाही, डोळ्यांचे आणि चिकाटीचे आहे. तिसरी, वायू मोजल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय कोणीही टाकीत उतरू नये, मग तो कायम असो की कंत्राटी. ह्या तिन्हींना मिळून एका बसलेल्या टाकीइतकाही खर्च येत नाही.

अण्णा निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षे लोटली. निरोपाच्या दिवशी त्यांना भाषण करायला सांगितले, तर ते एवढेच म्हणाले, “मी दिसलं तेच लिहिलं.” आम्ही खूप व्याख्याने ऐकली आणि दिली, पण आंबवणाच्या शास्त्रावर ह्याहून चांगले व्याख्यान आम्हांला ठाऊक नाही.